कॉन्ट्रॅक्ट संपलं, बाकी काही नाही!

"मॅडम, तिचं कॉन्ट्रॅक्टच संपतंय ३१ तारखेला. आम्ही फक्त रिन्यू करत नाही. यात कसला आलाय भेदभाव?"

भोसरीतल्या एका शॉपचे मालक विचारत होते. लेबर लॉची कन्सल्टंट म्हणून हा प्रश्न मला नवा नाही. शॉप बेताचं, सीएनसी मशिनवर सुटे भाग बनवणारं. मुलगी क्वालिटीत, फायनल इन्स्पेक्शनला. अकरा-अकरा महिन्यांची कॉन्ट्रॅक्टं, मध्ये चार दिवसांचा ब्रेक, आपल्याकडचा ठरलेला प्रकार. तिच्या हातून रिजेक्शन सुटत नाही, हे मालकच कौतुकाने सांगत होते. तिने सुपरवायझरला दिवस गेल्याचं सांगितलं आणि दरवर्षी आपोआप होणारं रिन्यूअल यंदा नेमकं अडलं.

मी म्हटलं, आधी शॉपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं दाखवा. सुपरवायझरने लिहिलं होतं, "ती आता सहा महिने येणार नाही, नवीन मुलगा बघा." खाली मालकांचा अंगठा. आता कॉन्ट्रॅक्टची भाषा कितीही जपून लिहा, समोरचा वकील आधी हाच स्क्रीनशॉट लावणार.

आणि कॉन्ट्रॅक्ट संपलं की बाळंतपणाचा हक्कही संपला, असं होत नाही. दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयाने कंत्राटी डॉक्टरला मुदत संपेपर्यंतची, म्हणजे जेमतेम ११ दिवसांची रजा दिली होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कविता यादव खटल्यात सांगितलं की कराराची मुदत संपली तरी पूर्ण लाभ द्यावाच लागेल.

मग मी पगार विचारला. अठरा हजार.

"ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, भरता?"

"भरतो की, दर महिन्याला."

"मग बाळंतपणाच्या रजेचे २६ आठवड्यांचे पैसे ईएसआय देणार. तुम्ही कुठे देताय?"

मालकांनी अकाउंटंटकडे पाहिलं, अकाउंटंटने चलनांच्या फाइलकडे. मालकाचे ३.२५ टक्के, तिचे ०.७५, सगळं वेळेवर भरलेलं. आधीच्या दोन कॉन्ट्रिब्यूशन पिरियडमध्ये, म्हणजे सहा-सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात, मिळून ७० दिवस भरले की झालं. तिचे कधीच भरले होते. जो खर्च यांच्या खिशातून जाणारच नव्हता, तो वाचवायला हे कोर्टाची पायरी चढायला निघाले होते.

पण मालकांचं सगळंच चुकीचं नाही, हेही लिहायला हवं. पगार २१ हजारांच्या वर गेला की ईएसआय सुटतं आणि सगळा भार मालकावर येतो. २०१७ मध्ये सरकारने रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली, टाळ्या घेतल्या आणि बिल वीस माणसांच्या शॉपवाल्याच्या हातात दिलं. बदली माणसाचा पगार वर. माझ्या मते कायद्याची ही बाजू लंगडीच आहे. तरी "परवडत नाही" हा बचाव कोर्टात चालेल, या भ्रमात राहू नका. १९८७ मध्ये मॅकिनन मॅकेन्झी कंपनीने मुंबईतल्या महिला स्टेनोग्राफरला पुरुषांपेक्षा कमी पगार देण्यासाठी हेही कारण पुढे केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते धुडकावलं. तो खटला समान वेतनाचा, पण खिशाचं रडगाणं तेच.

"आता नवीन लेबर कोड आलेत ना? जुना मातृत्व लाभ कायदा गेला," अकाउंटंटने शेवटचा प्रयत्न केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून आलेत, खरं आहे. पण २६ आठवडे रजा आणि मालकाकडून ती मिळायला लागणारी ८० दिवस कामाची अट, दोन्ही त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत जशीच्या तशी आहेत.

रिन्यूअलवर सही झाली. निघताना मालक म्हणाले, "पुढच्या वेळी मुलगेच घेतो, कटकटच नको." मी वेतन संहितेचं कलम ३ सांगितलं : भरती करतानाही स्त्री-पुरुष भेद करायला मनाई आहे. "तसं जाहिरातीत लिहिणार थोडीच आहे मी," ते हसले. त्यांना ठाऊक आहे, कामावरून काढलेली बाई तक्रार घेऊन येते. मुळात घेतलीच नाही, अशा बाईची तक्रार माझ्या टेबलावर आजवर आलेली नाही.