आईचा नमस्कार

श्रावणातला सोमवार, रात्रीचे अकरा.

आज आईच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले. जूनअखेरीला न्हाणीत पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, डिचोलीहून तिला थेट बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी उभं केलं होतं तिला तिथे. पण आईला डिमेन्शिया आहे, त्यामुळे पाय मोडलाय हेच तिच्या लक्षात राहत नाही. सुरुवातीला मी दर वेळी सांगायचे, अगं आई तू पडलीस, आणि ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी घाबरायची, ओठ थरथरायचे तिचे. आता नाही सांगत. दिवसातून दहा वेळा तिला परत कशाला पाडायचं?

सगळ्यात कठीण म्हणजे खुर्चीतून उठवणं. आपण उठताना आधी पुढे वाकतो, नाक पायाच्या बोटांवर आलं की मगच अंग वर उचलतं, हे फिजिओने मला बसवून करून दाखवलं, तोवर मला कधी कळलंच नव्हतं. आईला "ऊठ" म्हटलं की ती भीतीने उलट मागेच रेलते आणि माझं मनगट गच्च धरते. हाताला धरून तर ओढायचंच नाही, खांदा दुखावतो, म्हणून कमरेला पट्टा बांधून तो धरते मी. तरी जमेना. परवा काय मनात आलं कोण जाणे, म्हटलं आई, देवाला नमस्कार कर. देवघर समोरच. तिने हात जोडले, वाकली, मी पट्ट्याला नुसता आधार दिला आणि ती उभी! जोडलेले हात हळूच सोडवून वॉकरवर ठेवले. मला रडूच आलं.

चालताना एका वेळी एकच शब्द. वॉकर. दुखरा पाय. आता चांगला. मधे कुणी बोलायचं नाही, दादा काळजीने मागून "सांभाळ, सांभाळ" करतो आणि ती मान वळवते, तिथेच तोल जातो, आज त्याला जरा जोरातच बोलले. न्हाणीच्या दारातलं काळं पायपुसणं काढून टाकलं, तिला तो खड्डा वाटायचा, पुढे पाऊलच टाकायची नाही. झिरोचा बल्ब रात्रभर चालू असतो. वॉकर खाटेला लागून, डोळ्यांसमोर, कारण दिसला नाही तर ती भिंत धरून निघते, चुलीवर पेज ठेवलीय म्हणून. मी खाली चटईवर झोपते, खाट करकरली की जाग येते.

तिन्हीसांजेला तुळशीकडे दिवा लावायला जायचं म्हणाली. अंगण सगळं शेवाळलंय, कसं नेणार? सोप्याच्या दारापर्यंत नेलं, दिवा मी लावून आले, तिने तिथूनच वॉकर धरून मान वाकवली. परत येताना मी तिच्या पावलाला पाऊल लावून चालत होते तर थांबून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाय, तुझ्या पायाला काय झालं गं, एवढी हळू चालतेस?"

बरा आहे आता, म्हटलं.