सॅडल लॉकचा दांडा

शिरोलीच्या एका मशीनशॉपमध्ये मी मेंटेनन्स बघतो. त्या दिवशी सकाळीच तपासणीच्या टेबलावर बिडाचे फ्लँज, म्हणजे जोडणीच्या चकत्या, बाजूला काढून ठेवलेले होते. जाडीला ±0.05 मिमी चालतं, पण काही फ्लँज एक दशांश मिलिमीटरहून जास्त जाड निघाले होते. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, नवा होता, जॉब पकडणारा चक नीट होता, तो फिरवणाऱ्या स्पिंडलमध्ये खेळ नव्हता.

लेथवर, म्हणजे जॉब फिरवून कापणाऱ्या मशीनवर, आयटीआयचा अप्रेंटिस पोरगा होता, हाताचा चांगला. थोडा वेळ शेजारी उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कापताना, तो सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) लॉकच करत नव्हता. कास्टिंगची वरची साल कडक असते, तिच्यात वाळूचे कणही राहिलेले असतात. टूल तिथं टेकलं की सॅडल मागे रेटलं जातं आणि जॉब जाड राहतो. बेडवर डायल (बारीक हालचाल दाखवणारं मापक) लावून बघितलं, तर कट लागताच काटा सरकला.

"अरे, लॉक का करत नाहीस?"

"काका, सतराचा पाना एकच आहे, तो पलीकडच्या लेथवर. दर जॉबला आणायला गेलो तर शिफ्टमध्ये निम्मेच जॉब निघतील."

सुपरवायझर त्याला मेमो द्यायच्या तयारीत होते. मी म्हटलं, साहेब, मेमो राहू द्या, मला दुपारपर्यंत वेळ द्या.

लॉकचा बोल्ट एम 10, म्हणजे 10 मिमी व्यासाचा. त्याच्या डोक्यावर सळई वेल्ड करा, असं दोघातिघांनी सुचवलं. पण 8.8 ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या बोल्टला तेवढी उष्णता द्यायला माझं मन घेत नाही, त्याची ताकद उतरते. म्हणून ईएन-8 पोलादाच्या बारमधून उंच गोल डोक्याचा नवा बोल्टच टर्न केला. डोक्यात आडवं एम 8 चं टॅपिंग करून, म्हणजे आटे पाडून, 80 मिमीचा दांडा बसवला. हात बर्रीवर, म्हणजे कापून पडलेल्या धातूच्या कणांवर, घासू नये म्हणून तो जरा वर वाकवला.

बसवून आवळला, तर दांडा नेमका क्रॉस स्लाइडच्या हँडलखाली येऊन थांबला. तिथं हातच जाईना. एम 10 ची पिच (एका फेऱ्यात बोल्ट पुढे जातो ते अंतर) 1.5 मिमी, म्हणजे वॉशर अर्धा मिलिमीटर पातळ केला की बोल्ट आणखी एक तृतीयांश फेरा पुढे जाऊन आवळतो. वॉशर सरफेस ग्राइंडरवर घेतला. आता दांडा टेलस्टॉकच्या बाजूला, मोकळ्या जागेत थांबू लागला. सॅडल आवळणारी पट्टी आणि वॉशर झिजले की तो पुन्हा पुढे सरकणार, हे मला दिसत होतं. त्यासाठी दातांचे तयार क्लॅम्पिंग लिव्हर मागवायला सांगितले. त्यात दांडा उचलला की आतले दात सुटतात, हवा तिकडे फिरवून सोडला की स्प्रिंग त्याला परत बसवते.

दुपारी पोरानं एका हातानं लॉक केलं आणि कट घेतला. डायलचा काटा जागचा हलला नाही. संध्याकाळच्या लॉटमध्ये जाडीची एकही तक्रार आली नाही. मेमोचा विषय तिथंच मिटला, याचं मला जास्त बरं वाटलं.

आता मिलिंगच्या टेबल लॉकलाही असेच लिव्हर लावायचे ठरले आहेत. तिथं गिबवर (सरकत्या भागातल्या पट्टीवर) खड्डा पडू नये म्हणून स्क्रूच्या टोकाशी पितळेची चकती टाकणार आहे. चकलाही दांडा लावू या, असं एकानं म्हटलं, त्याला मात्र मी स्पष्ट नकार दिला. फिरणाऱ्या भागावर बाहेर आलेला दांडा म्हणजे बाही अडकायची जागा. चकची चावी वेगळीच राहील, आणि काम झालं की लगेच काढून ठेवायची.