स्वातीचं माहेर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर सीझनला कुणीतरी विचारतंच, "ती स्वातीची गोष्ट हल्ली का सांगत नाही?" आणि दर वेळी मी चहाकडे बोट दाखवून सुटतो.

वांगणीला आकाशदर्शनासाठी रात्रभर आमच्याबरोबर जागलेल्यांना गोष्ट पाठ आहे. एप्रिलअखेरीस रात्री साडेबाराच्या सुमारास स्वातीचा तारा जवळजवळ डोक्यावर येतो. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातले अक्षांश म्हणा, आणि वांगणीचे अक्षांश, दोन्ही 19 अंशांच्या आसपास. सगळे सतरंजीवर आडवे, आणि मी माइकवर: "हा आपला नाही. एका छोट्या दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या दुसऱ्या वस्तीत, जन्मला. आकाशगंगेने ती गिळली, हा तेवढा उरला." एकदा अंधारातून एक आजी म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे माहेरच उरलं नाही तिचं." पुढच्या कार्यक्रमापासून ते वाक्य मी माझं म्हणून वापरायला लागलो.

थाप मारत नव्हतो हो. स्वाती आणि त्याच्यासोबतची ताऱ्यांची टोळी आकाशगंगेभोवती फिरताना सूर्यापेक्षा सेकंदाला शंभरेक किलोमीटर मागे पडते. ही टोळी बाहेरून आली असावी, असा शोधनिबंध 2004 साली आला होता. त्यात 2018 साली गाया उपग्रहाच्या मोजमापांतून कळलं की सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी एक बऱ्यापैकी मोठी दीर्घिका आकाशगंगेत खरोखरच विरघळली. आकाशगंगेतले बहुतेक तारे एका चपट्या तबकडीत आहेत; तिच्याभोवती विरळ ताऱ्यांचं जे प्रभामंडळ आहे, त्याच्या आतल्या भागातले बरेच तारे तिचे. 1962 सालचं चित्र वेगळं होतं: एकच प्रचंड ढग झपाट्याने कोसळला आणि त्यातून आकाशगंगा झाली. मीही पूर्वी तेच सांगायचो. आता मला वाटलं, बघा, माझी गोष्ट सिद्धच झाली.

एप्रिल 2019. गोष्ट संपली, टाळ्या पडल्या. मागून एक मुलगी उठली, कॉलेजातली असेल. "काका, एक विचारू? त्या टोळीची रासायनिक तपासणी 2009 मध्ये झाली ना? ते तारे आजूबाजूच्या तबकडीतल्या ताऱ्यांसारखेच निघाले. छोट्या दीर्घिकेत तारे सावकाश बनतात, त्यामुळे लोहाच्या मानाने मॅग्नेशियम कमी भरतं. स्वातीत तसं नाही. मग तो बाहेरचा कसा?"

मला 2009 चं काही ठाऊक नव्हतं. "मला माहीत नाही, बघून सांगतो" एवढं म्हणायला पाच सेकंद लागली असती. मी काय म्हणालो? "बाळ, पेपर वाचून आकाश कळत नाही. त्यासाठी रात्री जागवाव्या लागतात." माइकवर. साठ-सत्तर माणसं हसली. ती खाली बसली. पहाटे चहाच्या रांगेत तिची वही दिसली. पानभर आकडे, आणि कोपऱ्यात माझंच वाक्य लिहिलेलं: "हा आपला नाही", पुढे प्रश्नचिन्ह. मी कप घेतला आणि दुसऱ्या बाजूला गेलो. ती परत कधी आली नाही.

घरी येऊन वाचलं. तिचं बरोबर होतं. मुळात स्वाती प्रभामंडळातला नाहीच, तो जाड तबकडीतला, म्हणजे आपल्या तबकडीच्याच जुन्या ताऱ्यांच्या जाडसर थरातला. ती टोळी एका घराण्याची नसावी. आकाशगंगेच्या मधोमध ताऱ्यांचा जो लांबट दांडा आहे, त्याच्या गुरुत्वाकर्षणाने वेगवेगळे तारे एका चालीत आले असावेत, असं बरेच जण मानतात. दोन खऱ्या गोष्टींना गाठ मारून मी तिसरी, खोटी तयार केली होती. वर प्रभामंडळातले सगळे तरी कुठे परके? त्या विरघळलेल्या दीर्घिकेशी झालेल्या टकरीत आपल्याच जुन्या तबकडीतले तारे उधळले गेले आणि तेही तिकडे जाऊन मिसळले.

पण तुम्हीच सांगा, रात्री साडेबाराला मॅग्नेशियम-लोहाचं गुणोत्तर ऐकायला कोण थांबतं? गोष्ट नसती तर तुमच्यातले निम्मे दुसऱ्यांदा आले नसते. आणि गोष्ट नसती तर ती मुलगी उठून बोललीही नसती. हे मी स्वतःला बरेचदा सांगतो. मग ते हसणं आठवतं.

खराखुरा बाहेरचा दाखवता येतो, तोही आपल्या छोट्या दुर्बिणीतून. धनू राशीतला एम 54 हा तारकागुच्छ. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिएने तो 1778 मध्येच नोंदवला. पण त्याच्याभोवतीची, आकाशगंगा अजूनही गिळते आहे ती दीर्घिका सापडली 1994 मध्ये. अंतर सुमारे 87 हजार प्रकाशवर्षं. फक्त एप्रिलमध्ये तो नीट वर यायला पहाटेचे चार वाजतात, आणि तोवर तुम्ही सगळे घोरत असता. मी लावून ठेवतो तरी. गेल्या खेपेला बसचा ड्रायव्हर एकटा जागा होता. त्याने डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि खिशातून रुमाल काढला. "साहेब, पुसट दिसतंय. काच पुसू का?"