तासाभराचं बिर्केनाऊ

क्राकूफ (पोलंड), आदली रात्र

पासपोर्ट, लहान पिशवी, पाण्याची बाटली, चालायचे बूट. बाकी सगळं हॉटेलात ठेवायचं. ऑशविट्झ ही दुसऱ्या महायुद्धातली नाझी छावणी, आता संग्रहालय. मुख्य छावणी आणि बिर्केनाऊ हे तिचे बघायचे दोन भाग. तिथल्या प्रवेशपत्रावर नाव असतं आणि दारात ते ओळखपत्राशी ताडून बघतात. आपली मंडळी इथेच अडकतात: एकाने सगळ्या ग्रुपचं बुकिंग केलेलं असतं, त्यात कुणाचं घरातलं नाव, तर कुणाच्या आडनावाच्या जागी वडिलांचं. पासपोर्टात आहे तसंच टाकावं. पाठपिशवी ३५ × २५ × १५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही. गळ्यात स्वस्तिकाचं पदक असेल तर ते काढून ठेवलेलं बरं. त्याचा आपला अर्थ समजावत बसायची ती जागा नव्हे.

टूरवाले निघायची वेळ बरेचदा आदल्या दिवशी कळवतात, कारण संग्रहालयाचा स्लॉट मिळेल तसं त्यांना ठरवावं लागतं. त्याच संध्याकाळची रेल्वे काढून ठेवली की पंचाईत होते. छावणीचं ओश्वियेंचिम गाव इथून साधारण ७० किलोमीटर, बसने दीड तास. गाइडशिवाय गेलं तर प्रवेशाला पैसे पडत नाहीत, पण वेळ आधी राखून ठेवावी लागते आणि तशा जागा थोड्या असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने गाइड घ्यावाच, कारण इमारतींवरून काहीच कळत नाही. मुळात त्या पोलिश सैन्याच्या विटांच्या बराकी.

दुसरा दिवस, मुख्य छावणी

हेडफोन लावला की गाइडचा हलका आवाज कानात येतो. जिने अरुंद, मागचा ग्रुप पाठीला लागलेला. थांबायला मिळत नाही, म्हणून कुठे नजर ठेवायची ते आधी माहीत असावं.

फाटकावरची ‘Arbeit macht frei’ (काम मुक्त करतं) ही जर्मन पाटी नक्कल आहे. मूळ पाटी डिसेंबर २००९मध्ये चोरीला गेली, तीन तुकड्यांत सापडली. त्यातलं बी अक्षर उलटं दिसतं, वरचं पोट मोठं आणि खालचं लहान.

चौथ्या ब्लॉकमध्ये बायकांचे कापलेले केस आहेत, सुमारे दोन टन. तिथे फोटो काढायचा नाही. अकराव्या ब्लॉकच्या तळघरातही नाही. केसांजवळच त्यापासून विणलेलं कापड ठेवलंय. बहुतेकांची नजर ढिगाकडे जाते आणि कापड राहून जातं. खरं तर बघायचं ते कापड. केस कापडगिरण्यांना विकले जात, हे त्यातून कळतं.

पाचव्या ब्लॉकमधल्या सूटकेसांवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत नावं आहेत, काहींवर जन्मतारखाही. तुम्हाला दुसरीकडे वसवतोय असं लोकांना सांगितलेलं होतं. सामान परत मिळेल या भरवशावर त्यांनी रंगाने ठसठशीत नावं घातली.

शेवटी पहिलं स्मशानगृह, म्हणजे प्रेतं जाळायची इमारत (अशा इमारतींना क्रमांक आहेत). त्याचं धुराडं नंतर बांधलेलं आणि भट्ट्या मूळ भाग वापरून पुन्हा उभ्या केलेल्या. ‘म्हणजे खोटं का?’ असं कुणीतरी विचारतंच. नाही. १९४४मध्ये जर्मनांनी तिथे हवाई हल्ल्यापासून निवारा केला होता. युद्धानंतर मोडलेलं पूर्ववत केलं, आणि संग्रहालय ते लपवत नाही.

दुपारी, बिर्केनाऊ

सगळा दौरा साडेतीन तासांचा. त्यातला मोठा भाग मुख्य छावणीत जातो, मग शटल बसने तीनेक किलोमीटर, आणि बिर्केनाऊच्या वाट्याला जेमतेम तासभर. वाटणी उलटी हवी होती. ऑशविट्झला आणलेल्या सुमारे १३ लाखांपैकी ११ लाख माणसं मारली गेली, त्यात जवळपास १० लाख ज्यू. बहुतेकांचा शेवट इथे झाला.

इथे सावली नाही, वारा फार, पावसात चिखल. शेतातून विटांची धुराडी रांगेने उभी दिसतात. भोवतालच्या लाकडी बराकी गेल्या, धुराडी उरली. फाटकातून आत आलेला रेल्वेचा फलाट मे १९४४पासून वापरात आला. त्याआधी गाड्या बाहेर, दोन छावण्यांच्या मधल्या फलाटावर रिकाम्या होत. तिकडे टूरची बस सहसा वळत नाही.

रुळांच्या टोकाला, किलोमीटरभर चालून, दुसऱ्या आणि तिसऱ्या स्मशानगृहाचे ढिगारे. जानेवारी १९४५मध्ये माघार घेताना एसएसने, म्हणजे छावणी चालवणाऱ्या नाझी दलाने, ती सुरुंगाने उडवली. २७ तारखेला रेड आर्मी, म्हणजे सोव्हिएत सैन्य, पोचली. चौथं मात्र कैद्यांच्या ७ ऑक्टोबर १९४४च्या उठावात जळालं.

बहुतेक गाइड इथूनच माघारी वळतात. टूरची बस सोडून स्वतः परतायची तयारी असेल, तर डावीकडे न वळता उजवीकडे झाडांच्या दिशेने ‘साउना’ म्हणतात त्या न्हाणीघराच्या इमारतीकडे जावं. कामासाठी निवडलेल्यांना इथे कपडे काढायला लावून केस भादरत. आतली वाट काचेच्या फरशीवरून जाते, मूळ जमिनीला पाय लागू नये म्हणून. शेवटच्या दालनात कैद्यांनी सोबत आणलेले घरगुती फोटो आहेत: लग्नं, समुद्रकिनारे, बाबागाडीतली मुलं. छावणी मुक्त झाल्यावर ते सापडले. त्या दालनात गर्दी नसते. शटलची शेवटची वेळ मात्र आत शिरण्याआधी बघून ठेवावी, परत फाटकापर्यंत चालायलाच वीसेक मिनिटं लागतात.