सगळ्या बाळांना तिसाव्या मिनिटाला दूध

‘लक्ष्य’ची, म्हणजे लेबर रूमचा दर्जा सुधारण्याच्या सरकारी कार्यक्रमाची, तयारी सुरू झाली आणि लेबर रूमची इनचार्ज सिस्टर म्हणून गुणवत्ता सुधारणेचं काम माझ्या गळ्यात पडलं. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातलं आमचं ग्रामीण रुग्णालय. कर्नाटकची हद्द जवळ, बाळंतिणीबरोबर येणाऱ्या कितीतरी आज्ज्या कन्नड बोलणाऱ्या. ‘लक्ष्य’ डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालं, प्रमाणपत्राला निदान ७० टक्के गुण लागतात, हे मला पाठ होतं. माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, ते नव्हतं.

प्रशिक्षणात शिकवलं होतं: एकच अडचण निवडा, टीम बांधा, मोजा, बदल आधी छोट्या प्रमाणावर करून बघा, जमला तर टिकवा. आम्ही निवडलं, जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध. फिशबोनचा, म्हणजे अडचणीची कारणं काट्यांवर लिहायच्या आकृतीचा, मासा काढला. काट्यांवर सासू, मध, अडाणीपणा, कमी स्टाफ. मग मी नोटीस लावली, रजिस्टरला रकाना आखला, पुढं सही सक्तीची.

महिन्याभरानं बघते तर सगळ्या बाळांना तिसाव्या मिनिटाला दूध! टाके पडलेली असो, जुळी असोत, ३० मिनिटं. एकाच निळ्या पेनानं, सलग. डॉक्टर खूश. मी मात्र आदल्याच दिवशी दोन तासांचं बाळ आजीच्या मांडीवर बघितलं होतं, आजीचं बोट मधात.

मी झापायला उठले. एक नवी सिस्टर हळूच म्हणाली, “मॅडम, उशीर लिहिला की मेमो येतो.” खरं होतं. मागच्या वर्षी एकीला मीच द्यायला लावला होता.

सहीचा रकाना खोडला. त्या जागी लिहिलं, ‘मधल्या वेळात बाळ कुठं होतं?’ पुढच्या आठवड्यात अकरापैकी चौघांनाच तासाभरात दूध. आलेख धाडकन खाली. डॉक्टर म्हणाले, “हे तपासणीला दाखवणार?” मी भिंतीवर चिकटवला.

नव्या रकान्यात एकच उत्तर पुन्हा पुन्हा: वजनाला. काटा शेजारच्या खोलीत. बाळ तिकडं गेलं की वजन, व्हिटॅमिन के, मग नातेवाइकांना दाखवणं. परत यायची घाई कुणालाच नाही. आमच्या माशाला इतके काटे, त्यात वजनकाटा नव्हता!

एका दिवशी एकाच बाईवर करून बघितलं: बाळ थेट आईच्या छातीवर, वजन नंतर. फसलं. सिस्टर टाके घालत होती आणि बाळ घसरायला लागलं. दुसऱ्या दिवशी मावशींना उशाशी उभं केलं, आजीलाही आत घेतलं. मावशी तिकडच्याच, आजीनं पदराची गाठ सोडायला घेतली तशा म्हणाल्या, “जेनु ब्याडा, आज्जी.” मध नको. आजीनं गाठ परत मारली.

आता आकडे वेडेवाकडे येतात. ४० मिनिटं. ५५. ‘लाइट गेली, १ तास १०.’ परवाच्या रात्रपाळीत होतं, ‘१ तास २० मिनिटं. मीच विसरले.’ खाली सही. ती मी मागितलेली नव्हती.