वजन जुळले, फ्लायर मात्र तसेच

मागच्या नोंदीत एअर रायफलच्या पेलेटचा (शिशाच्या छोट्या गोळ्यांचा) ५०० चा अख्खा डबा वजनाप्रमाणे निवडण्याचा बेत कळवला होता. ते काम रविवारी संपले, आणि ज्या निकालाची मी इतकी वाट पाहत होतो तो काही हाती आला नाही. ०.५३ ग्रॅमच्या आसपासचा सर्वांत मोठा गट बाजूला काढून, रायफल क्लॅम्पमध्ये आवळून १० मीटरवर पाच-पाचचे सहा ग्रुप (एकाच नेमावर मारलेले संच) घेतले. प्रत्येकात एक तरी फ्लायर, म्हणजे बाकीच्यांपासून दूर गेलेला मारा, आलाच.

काटा सराफी आहे, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा. जांभळी नाक्यावरून घेतलेला. पंखा चालू असेल तर शेवटचा आकडा ठरतच नाही, म्हणून ठाण्याच्या उकाड्यात पंखा बंद करून तीन रात्री ओट्यावर बसून पेलेट तोलले. ०.०१ ग्रॅमचा काटा कोणीही घेऊ नये, कारण माझ्या डब्यातला सगळा फरकच ०.०१२ ग्रॅमचा निघाला.

मग शांतपणे हिशेब केला. साडेसात ज्यूलच्या रायफलीतून पेलेट १० मीटर जाईपर्यंत साधारण १७ मिलिमीटर खाली येतो. वजनात ०.०१ ग्रॅमचा फरक पडला तर वेग सुमारे एक टक्का बदलतो आणि मारा सुमारे ०.३ मिलिमीटर वर-खाली होतो. स्पर्धेतल्या दशांश गुणांत ०.१ गुण म्हणजे ०.२५ मिलिमीटर, त्यामुळे हे अंतर क्षुल्लक नाही. पण ते फक्त उभ्या दिशेतले आहे. माझे फ्लायर डावी-उजवीकडे, दीड-दोन मिलिमीटर जात होते. निशाण्याची कार्डे पुन्हा हातात घेईपर्यंत हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

म्हणून जुन्या फ्रेमची काच थोडी तिरकी ठेवून तिच्यावरून पेलेट घरंगळत सोडले. स्कर्ट (पेलेटची मागची पोकळ कड) हेडपेक्षा (पुढच्या टोकापेक्षा) रुंद असल्याने चांगला पेलेट एकसारखा बाक घेत खाली येतो. साठांपैकी सात मध्येच डुगडुगले. भिंगाखाली त्यांच्या स्कर्टच्या कडेला नखाने दाबल्यासारखा खळगा स्पष्ट दिसला. विक्रेत्याने डबा साध्या पातळ पिशवीत पाठवला होता आणि तो हलवला की खुळखुळत होता. शिसे किती मऊ असते हे त्या धंद्यातल्या माणसाला तरी ठाऊक असायला हवे. उरलेल्या चांगल्या पेलेटमधून पाच ग्रुप घेतले. चार स्वच्छ आले, आणि त्यांतला एक भोकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत जेमतेम ५.५ मिलिमीटरचा आहे. ते कार्ड मी जपून ठेवले आहे.

पाचव्या ग्रुपमधला फ्लायर मात्र अजून सुटलेला नाही. ४.४९ मिलिमीटर हेडचा नवा डबा मागवणार होतो, पण हे लिहिता लिहिताच दुसरे सुचले. ते सात पेलेट टाकून न देता मुद्दाम मारायचे: तीन खळगा वर ठेवून, चार खळगा उजवीकडे ठेवून. खळग्याची दिशा बदलली की फ्लायरची दिशाही बदलते का, ते शनिवारी पाहतो. नवा डबा त्यानंतरच.