तुम्ही विचारलंत म्हणून : ‘माझ्या कॅमेऱ्याला ही लेन्स चालेल का?’

नवा कॅमेरा घेतलेले अनेक जण मला हा प्रश्न विचारतात. बहुतेकांकडे निकॉनची डी३५०० किंवा डी५६०० अशी सुरुवातीच्या श्रेणीतली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) असते, तिच्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स असते, आणि घरच्या कपाटात वडिलांच्या किंवा काकांच्या फिल्म कॅमेऱ्याची एखादी ५० मिलिमीटरची लेन्स असते. ती जुनी लेन्स वापरता येईल का, आणि नवी घ्यायची तर कोणती, हे त्यांना हवे असते. मीही निकॉनचेच उदाहरण घेतो, कारण लेन्स कॅमेऱ्यावर बसली म्हणजे ती पूर्णपणे चालेलच असे नाही, ही गोष्ट निकॉनमध्ये सर्वांत ठळकपणे दिसते.

निकॉनचा एफ माउंट १९५९ सालचा असून लेन्स अडकवण्याची त्याची मूळ रचना डी३५०० पर्यंत तशीच राहिली. त्यामुळे काकांची लेन्स बहुधा नीट बसते, पण ऑटोफोकस होत नाही. ती मॅन्युअल फोकसच्या काळातली असेल तर ते होणारच नाही. पण लेन्सवर ‘एएफ’ असे स्पष्ट लिहिलेले असूनही जेव्हा फोकस हलत नाही, तेव्हा लोक गोंधळतात. अशा वेळी लेन्स काढून तिच्या मागचे धातूचे कडे निरखून पाहावे. १९८६ पासून आलेल्या एएफ लेन्समध्ये तिथे पेचकसाचे टोक बसेल अशी एक बारीक खाच असते. डी७२०० सारख्या बॉडीच्या माउंटमधून त्या खाचेत शिरणारा छोटा दांडा बाहेर आलेला दिसतो. बॉडीतली मोटर तो फिरवते आणि लेन्सचा फोकस सरकतो. डी३००० आणि डी५००० या मालिकांमध्ये ही मोटरच नाही. त्यांना स्वतःची मोटर असलेली, म्हणजे नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ असलेली लेन्स लागते. ५० मिलिमीटर १.८ डी आणि ५० मिलिमीटर १.८ जी या नावांत एकाच अक्षराचा फरक आहे, पण डी३५०० वर पहिलीचा फोकस हाताने करावा लागतो आणि दुसरीचा आपोआप होतो. सेकंडहँड डी३१०० किंवा डी५१०० घेतलेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी : एएफ-पी लेन्स या जुन्या बॉडींवर फोकस करत नाहीत, म्हणून त्यांनी एएफ-एसच घ्यावी.

काकांची लेन्स मात्र टाकून देऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. मॅन्युअल फोकसची एआय लेन्स (निकॉनची १९७७ पासूनची सुधारित रचना) डी३५०० वर एम म्हणजे मॅन्युअल मोडमध्ये वापरता येते. कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर तिच्याबरोबर चालत नाही, त्यामुळे अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) लेन्सवरच्या रिंगने आणि शटरचा वेग अंदाजाने ठरवून, फोटो पाहून दुरुस्ती करावी लागते. प्रकाश समजून घेण्याची याहून चांगली सवय मला माहीत नाही. एवढे जपावे की १९७७ च्या आधीची, एआय नसलेली लेन्स डी७२०० किंवा डी८५० सारख्या बॉडीवर चढवू नये. माउंटच्या कडेचा नाजूक खटका त्याने मोडू शकतो. रिंग असलेल्या एएफ लेन्सची रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे १६ किंवा २२ वर नेऊन अडकवून ठेवावी. ती सरकली की स्क्रीनवर ‘एफईई’ असा संदेश येतो आणि शटर पडत नाही. कॅमेरा बिघडलेला नसतो.

कॅननची लेन्स निकॉनला का चालत नाही, हेही विचारले जाते. माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर निकॉन एफमध्ये ४६.५ मिलिमीटर आणि कॅनन ईएफमध्ये ४४ मिलिमीटर आहे. कॅननच्या बॉडीवर निकॉनची लेन्स बसवताना अडीच मिलिमीटरचे जोडकडे म्हणजे अ‍ॅडॉप्टर मध्ये मावते. उलट दिशेने जागाच उरत नाही. निकॉनच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या झेड माउंटमध्ये हे अंतर फक्त १६ मिलिमीटर असल्याने एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावून एफ माउंटच्या लेन्स वापरता येतात, पण त्या अ‍ॅडॉप्टरमध्येही दांडा फिरवणारी मोटर नाही.

राहिला नव्या लेन्सचा प्रश्न. ‘पुढे फुल फ्रेम घेईन’ म्हणून आजच तशा मोठ्या, फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरसाठीची महागडी एफएक्स लेन्स घेण्याच्या मी विरोधात आहे. डीएक्स, म्हणजे डी३५०० सारख्या लहान सेन्सरच्या बॉडीवर ५० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ मिलिमीटरइतकेच दृश्य दाखवते; दिवाणखान्यात वाढदिवसाचे फोटो काढताना पाठ भिंतीला टेकते तरी सगळे जण चौकटीत येत नाहीत. म्हणून डीएक्ससाठीच बनवलेली एएफ-एस ३५ मिलिमीटर १.८ जी घ्यावी. ती घरातल्या कमी उजेडातही हाताशी येते. घेताना आपली बॉडी दुकानात सोबत न्यावी, लेन्स लावून शटर अर्धे दाबावे, आधी काउंटरवरच्या आणि मग रस्त्यापलीकडच्या वस्तूवर फोकस जमतो का ते पाहावे, अ‍ॅपर्चर १.८ आणि ८ वर ठेवून एकेक फोटो काढावा, आणि मगच पैसे द्यावेत.